सहा चौकोन, आठ त्रिकोण

घरी केलेली आरास स्वस्त पडते असे ज्या कोणी प्रथम म्हटले, त्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने एकही पताका कापलेली नसावी. कागद स्वस्त असतो, हे खरे. पण कागदाला खळ लागते, खळीला पातेले लागते, आणि ते पातेले हमखास करपते. शिवणाच्या डब्यातली कात्री न विचारता नेली जाते, तिची धार कागदावर जाते आणि पुढच्या महिन्यात ब्लाउजचे कापड उंदराने कुरतडल्यासारखे कापले जाते. शिवाय घरातल्या माणसांचा दोन-दोन दिवसांचा अबोला असतो, तो तर कोणी हिशेबात धरीतच नाही. पन्नासाहून अधिक वर्षे मी संसार केला. नवऱ्याच्या या एका हौसेपायी किती पातेली गेली, ते मला तारीखवार सांगता येईल.

आमचे हे गणिताचे शिक्षक. १९७१ साली लग्न होऊन मी अमरावतीहून वाशीमला आले. अकोल्याला गाडी बदलून छोट्या लाइनीच्या गाडीत बसायचे आणि धूर खात उतरायचे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतःचा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. माहेरच्यांनी कुरकुर केली होती, की पोरीला आडगावात दिली. त्यावर ह्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवले, की हे आडगाव नव्हे. हे वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरात लागले, असे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त लिहून ठेवले आहे. नवी नवरी मी. मला वाटले, आता पुढे काहीतरी रसिकतेचे बोलणार. तर हे हळहळून म्हणाले, “पण ते लग्न गांधर्व विधीनं झालं. म्हणजे मांडव नाही, तोरण नाही. आरास कोणी केलीच नसणार!”

तेव्हाच मी ओळखायला हवे होते.

पुढे भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. आणि महालक्ष्म्यांपुढे फुलोरा हवाच. करंज्या, पापड्या, वेणी, फणी असे सगळे तळायचे आणि दोऱ्याने वरून टांगायचे. इतर घरी हे काम सासू-सुना करतात. आमच्या घरी सासूबाई तळीत आणि हे फूटपट्टी घेऊन दोन करंज्यांमधले अंतर मोजीत. एकदा एक पापडी अर्धा इंच खाली आली, म्हणून ह्यांनी सगळी ओळ सोडून पुन्हा बांधली. सासूबाई म्हणाल्या, “अरे, देवीला खायची आहे, तपासायची नाही.”

पण ह्यांचा खरा जीव आकाशकंदिलात. कार्तिकात उंच काठीवर दिवा चढवायची चाल आपल्याकडे जुनी. त्या दिव्याला कागदाचे घर मिळाले तो आपला कंदील. बाजारात चांदण्या मिळत, विमाने मिळत, कमळे मिळत. ह्यांचा कंदील मात्र दरसाल एकच. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या. त्यांचे वीत-वीत लांबीचे बरोबर चोवीस तुकडे करायचे. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे आणि मग चौकोनांच्या कोपऱ्याला कोपरा जोडीत जायचे. अशा बारा गाठी झाल्या, की चौकोनांच्या मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ‘आपोआप’ हा शब्द उच्चारताना ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई. “बघ, एकही काडी जास्त लागली नाही. सहा चौकोन आपण केले. हे आठ त्रिकोण फुकट!”

वाचकांपैकी कोणी करून पाहणार असेल तर एक सांगून ठेवते. बाराही गाठी पक्क्या बांधल्या तरी हा सांगाडा उभा राहत नाही. हातात धरला की लटपटतो, एका बाजूने दाबला की मुरगळतो. आपले काहीतरी चुकले असे वाटते, पण चुकलेले काहीच नसते. चौकोनाचा स्वभावच तो. दाबला की तिरका होतो. त्रिकोण तसा होत नाही. या सांगाड्याला ताठ करतो तो कागद. पतंगाचा पातळ कागद चारही कडांना ताणून चिकटवला आणि खळ नीट वाळली, की तोच लटपटणारा सांगाडा असा घट्ट होतो, की वाऱ्यात हेलकावे खाईल पण आकार सोडणार नाही. चौकोनांना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा. खालचा चौकोन उघडा ठेवायचा, दिवा आत घालायला. त्याच्या चारही कडांना झिरमिळ्या. खळ मैद्याची चालते, पण चिंचोक्याची अधिक धरते. झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायची आमच्याकडे पद्धत होती. पण मोरचूद विषारी. लहान मुले हात घालणार असतील तर घालू नये. झुरळांनी खाल्ला कंदील तर खाल्ला.

आता जे सांगायचे आहे ते या कंदिलाचे नाही, कागदाच्या साखळ्यांचे आहे. ते मी अडतीस वर्षे कोणालाच सांगितले नव्हते.

१९८५ च्या डिसेंबरात माझ्या लेकीचा आठवा वाढदिवस आला. तोवर आमच्याकडे वाढदिवस म्हणजे सकाळी न्हाऊ घालायचे, औक्षण करायचे आणि शिरा करायचा. त्या वर्षी तिच्या वर्गात बदली होऊन आलेल्या एका अधिकाऱ्याची मुलगी होती. तिच्या वाढदिवसाला खोलीभर फुगे होते, जिलेटिनच्या झालरी होत्या, अकोल्याहून आणलेला केक होता. माझी लेक तो सगळा थाट पाहून आली आणि रात्री अंथरुणात मला म्हणाली, “आई, माझ्या वाढदिवसाला पण मैत्रिणींना बोलवायचं. पण खोली सजवून.”

महिन्याचा शेवटचा आठवडा. मास्तरांच्या घरी शेवटच्या आठवड्यात काय शिल्लक असते, ते मास्तरांच्या बायकांना सांगायला नको. पण ह्यांना पर्वणीच. म्हणाले, “कशाला हवं विकतचं? आपण साखळ्या करू. इथून तिथवर, अशा तिरप्या.” कपाटात घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मुलांना दाखवून झालेल्या, पुढेमागे रद्दीत जायच्या. त्यांची मागची कोरी पाने ह्यांनी तेवढी फाडून घेतली. अर्धी हळदीच्या पाण्यात बुडवली, अर्धी कुंकवाच्या. दोरीवर वाळत घातली. मग फूटपट्टीने रेघा मारून पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टी वीस सेंटिमीटर लांब, तीन रुंद. एकही वाकडी नाही.

आदल्या रात्री शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी ह्यांना थांबावे लागले. साखळ्या मी आणि मुलगा मिळून लावीत होतो. चौथी साखळी दारापर्यंत पोचेना. तीन-चार हात कमी पडली. कोरी पाने संपली होती. रात्रीचे अकरा वाजले होते, सकाळी चिवडा करायचा होता, शिरा करायचा होता. गठ्ठ्यातली वरची दोन-तीन पाने मी ओढली आणि फूटपट्टी न घेता अंदाजाने कापली. लिहिलेली बाजू आत ठेवली की झाले, असे मला वाटले.

साखळीची कडी गोल असते. खालून पाहणाऱ्याला तिची आतली बाजूच आधी दिसते. हे गणिताच्या मास्तरांच्या बायकोला कळायला हवे होते, आणि आठ वर्षांच्या मुली ठेंगण्या असतात, हे कोणत्याही बाईला.

मुली सतरंजीवर बसल्या होत्या. शिऱ्याच्या वाट्या हातात होत्या. तेवढ्यात एक मुलगी मान वर करून म्हणाली, “अय्या, हे तर माझ्या दादाचं नाव!” तिला भारी आनंद झाला होता, दादाचे नाव सजावटीत लागले! तिच्या शेजारची दुसरी कडी वाचू लागली. तिने मोठ्याने वाचले, “गणित. सात.” तांबड्या पेन्सिलीने, भोवती गोल केलेले सात. पंचवीसपैकी.

सगळ्या हसल्या. मुलांच्या हसण्याला दयामाया नसते. ती दादावाली पोर क्षणभर त्यांच्याबरोबर हसली, मग तिला समजले. तिने वाटी खाली ठेवली, चपला घातल्या आणि गेली. मी हाका मारीत फाटकापर्यंत धावले. वळून पाहिले नाही तिने. घरात आले तर माझी लेक पडद्यामागे उभी राहून रडत होती. “मला विकतचं हवं होतं,” एवढेच म्हणत होती. “मला विकतचं हवं होतं.”

संध्याकाळी हे आले. मी सांगितले, पण कोणी कापले ते सांगितले नाही. ह्यांनी साखळी हातात धरून पाहिली. आपल्या पट्ट्या कोणत्या आणि दुसऱ्याच्या कोणत्या, हे ह्यांना अंधारातही कळले असते. माझ्या पट्ट्या तिरप्या होत्या. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग स्टुलावर चढून चारही साखळ्या उतरवल्या, कोट घातला आणि त्या मुलाच्या घरी गेले. तिथे ह्यांनी हात जोडून सांगितले, की माझी चूक झाली, मी निष्काळजीपणे कागद कापले. हे मला पुढे शेजारणीकडून समजले. ह्यांनी घरी येऊन एक अक्षर काढले नाही. मीही काढले नाही.

त्या मुलाला बापाने त्या रात्री मारले, हेही शेजारणीनेच सांगितले. नववीची परीक्षा झाल्यावर तो शाळेत आला नाही. त्या उन्हाळ्यात लग्नाच्या एका मांडवात मला तो दिसला. खांद्यावर बल्ल्या घेऊन चालला होता. पंधरा वर्षांचे पोर. मी तोंड फिरवून जेवायला बसले. काय वाढले होते, आठवत नाही.

पुढे त्याने चांगले दिवस पाहिले. दुसऱ्याच्या मांडवात बल्ल्या वाहणारा स्वतः मांडव घालू लागला. थर्माकोलचे दिवस आले, तेव्हा वाशीममधल्या निम्म्या लग्नांतले मोर, कमानी, महिरपी त्याच्याकडच्या असत. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा त्याचे गोदाम त्या मालाने भरलेले होते. मग १ जुलै २०२२ पासून केंद्राचाही नियम आला. सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, प्लॅस्टिकचे झेंडे, सगळे देशभर बंद. बंदी योग्यच होती. आमच्या पद्मतीर्थाच्या काठी पांढऱ्या गोळ्यांचा जो खच साचे, तो ज्याने पाहिला असेल तो वेगळे म्हणणार नाही. पण त्याचे नुकसान झाले ऐकून मला उगाच वाटले, की हेही आपल्याच खात्यावर लिहिले गेले. मनाचे हिशेब असेच असतात. ह्यांच्या तांबड्या पेन्सिलीने ते तपासता येत नाहीत. तो मात्र कापड, बांबू, कागद यांच्याकडे वळला आणि पुन्हा उभा राहिला.

बाजारात भेटला की तो थांबून विचारायचा, “काकू, सर कसे आहेत?” मी “बरे आहेत” म्हणून घाईने पुढे जायची. त्या घाईत कितीदा तरी मेथीऐवजी शेपू घरी आली आहे.

सर बरे नव्हते. २०२१ साली ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा गेली नाही, पण शब्द आत कुठेतरी अडकून बसतात आणि हव्या त्या वेळी बाहेर येत नाहीत. ज्या माणसाने चाळीस-चाळीस मुलांना एका आवाजात गप्प बसवले, तो ‘पाणी’ म्हणायला दोनदा थांबतो. त्या वर्षी आम्ही कंदील विकतचा आणला. पुढच्या वर्षीही आणला. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

२०२३ च्या दिवाळीला लेक पुण्याहून आली, नातीला घेऊन. नातीचा वाढदिवस ११ नोव्हेंबरचा. त्या वर्षी तो नेमका धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी आला. आणि तोही आठवा. लेकीने सगळे आधीच मागवून ठेवले होते, इथल्या पत्त्यावर. चकचकीत अक्षरे, फुगे, झालरी, मुकुट. दर अर्ध्या तासाने ती मोबाइल पाही. आधी ‘आज येईल’ असे दिसत होते, मग ‘उद्या’, गुरुवारी संध्याकाळी ‘उशीर होत आहे, क्षमस्व’. लेक वैतागली. मी म्हटले, पाटणी चौकात जाऊन ये, सगळे मिळते हल्ली. ती पर्स शोधायला उठली.

तेवढ्यात खुर्चीतून ह्यांचा आवाज आला. “चोवीस.”

लेकीने माझ्याकडे पाहिले. नात म्हणाली, “आबा, काय चोवीस?” ह्यांनी डावा हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. “चोवीस,” पुन्हा म्हणाले. मला काय ते कळले, आणि माझ्याकडून एकदम पदर तोंडाला लावला गेला.

लेक स्वयंपाकघरात माझ्यामागे आली. हळूच म्हणाली, “आई, करू या आपण कंदील. मोठा करू, खोलीच्या मधोमध टांगू. पताका पण करू. पण साखळ्या नकोत हं.” म्हणजे ती विसरली नव्हती. मी डाळीचा डबा उगाचच उघडून पुन्हा लावला.

ऐन दिवाळीत बुरुडाकडे कामट्या कुठल्या? लेकीने मला न विचारता ‘त्याला’ फोन केला. सगळ्यांकडे असतो त्याचा नंबर, मांडवाच्या फलकावरच असतो. रात्री नऊला तो स्वतः आला. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेले, खांद्यावर कामट्यांची मोळी. त्या खांद्याकडे माझे लक्ष गेलेच.

“सर, सामान आणलं. तुमी बसल्या जागी फक्त सांगा, बांधतो मी.”

मग आमच्या बैठकीच्या खोलीत जे चालले ते आराशीपेक्षा शाळेसारखेच अधिक होते. तो खाली मांडी घालून बसला. नात काड्या मोजून द्यायची. एकदा तेवीसच भरल्या तर आबांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा ठोकला. लेक खळ शिजवीत होती. ती करपली, हे सांगायला नकोच. मी पताका कापीत होते, फूटपट्टी घेऊन. एवढ्या मोठ्या मंडपांच्या कमानी उभारणारा माणूस, पण चौथ्या चौकोनाशी अडला. कोपरा कोपऱ्याला जोडायचा सोडून कडेला कड लावीत होता. ह्यांनी काठी पुढे करून ती गाठ दाखवली. त्याने मुकाट्याने सोडली आणि हसून म्हणाला, “सर, भूमिती माझी तेवाही कच्चीच होती.”

खोलीत कोणी हसले नाही. लेकीने खळ ढवळायची थांबवली.

मला काय झाले कोणास ठाऊक. हातातली कात्री खाली ठेवली आणि मी बोलून गेले, “ती साखळी सरांनी केली नव्हती. मी केली होती. तुझ्या पेपराची पानं मी कापली. न बघता. सरांनी तुमच्या घरी येऊन स्वतःवर घेतलं.” अडतीस वर्षे सांभाळलेली गोष्ट तीन-चार वाक्यांत संपली. एवढी लहान होती, हे मला ठाऊक नव्हते.

त्याने हातातली गाठ आधी पुरी केली. दोरा दाताने तोडला. मग म्हणाला, “काकू, मार्क तर मीच घेतले होते ना. तुमी फक्त टांगले.”

“पण तुझी शाळा...”

“शाळा बापाच्या दुखण्यानं सुटली. त्याले दम्यानं धरलं त्या सालात. घरात कमावणारं कोणी पाहिजे होतं.” थोडे थांबून म्हणाला, “मार खाल्ला, तो खाल्ला. पण सर घरी आले होते आमच्या. हेडमास्तरसुदा कधी आला नव्हता. माय लई दिवस सांगे लोकांले.”

दम्याचे खरे, की माझे समाधान करायला त्याने तेवढ्यात जुळवले, ते मला अजून उमगलेले नाही. मी विचारलेही नाही. काही गोष्टी विचारू नयेत, एवढे तरी वयाने कळते. तो पुढे म्हणाला, “आणि सात मार्काचा माणूस आहे मी, गाठ चुकली तर सांगत जा, सर.”

ह्यांचा डावा हात वर झाला. ओठ हलले. शब्द आत धडपडत होता. आम्ही सगळे त्याची वाट पाहत बसलो. मला वाटले, ह्यांनाही काही जुने बोलायचे असेल.

“सा... साडे... साडेसात.”

कोणाला काही समजेना. ह्यांनी पुन्हा सांगितले, या वेळी स्पष्ट, अगदी वर्गातल्यासारखे. “साडेसात होते.”

अर्धा मार्क खळीखाली गेला होता! कडी चिकटवताना मीच त्यावर खळ फासली होती. अडतीस वर्षे सगळ्या गावाने सात म्हटले, आणि तपासणाऱ्याला मात्र अर्धा पक्का आठवत होता. तो माणूस असा काही हसायला लागला, की त्याच्या मांडीवरचा सांगाडा मुरगळून एकीकडे गेला. लेक हसली, नात कारण न कळताच हसली. हे हसले नाहीत. गणितात चूक दुरुस्त केल्यावर हसायचे काय असते?

कंदील रात्री साडेअकराला बांधून झाला. कागद शुक्रवारी लावला. चौकोनांना पिवळा, त्रिकोणांना तांबडा. एका चौकोनाचा कागद नातीने चिकटवला, त्याला सुरकुत्या पडल्या. तो बदलायचा नाही, असे तिने आबांकडून वदवून घेतले. पूर्वी आम्ही आत पणती ठेवीत असू आणि वर्षाआड एक कंदील पेटे. मग चाळीसचा बल्ब आला, त्याने कागद पिवळा पडे. आता पाच वॅटचा एलईडी लावला. कागदाला त्याची ऊब लागत नाही. आढ्याच्या कडीला टांगून दिवा लावला, तेव्हा छतावर तांबडे त्रिकोण पसरले. कंदील किंचित डावीकडे कलला होता. ह्यांनी मान त्याच बाजूला कलती केली आणि पाहत राहिले.

शनिवारी गल्लीतली मुले आली. त्यांनी पताकांकडे फारसे पाहिले नाही, कंदिलाकडे पाहिले, केककडे सर्वांत जास्त पाहिले. एक मुलगा म्हणाला, “फुगे नाहीत?” म्हणून लेक धावत जाऊन फुगे घेऊन आली. पार्सल भाऊबिजेला आले. त्यातली अक्षरे चकचकीत होती, पण एक कमी भरले.

कामट्यांचे पैसे तो घेणार नाही, असे मला वाटले होते. आदल्या दिवाळीपर्यंत तेही एक ओझे झाले असते. पण मी विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, साठ रुपये. मी शंभराची नोट दिली. त्याने खिशातून दहा-दहाच्या नोटा काढून चार माझ्या हातावर मोजल्या. खुर्चीतून ह्यांनी त्या मोजताना पाहिल्या आणि बरोबर आहे, अशी मान हलवली.